दूरचित्रवाणीचा रविवार : लंडन, मुंबई आणि रोहा

पंचांगात आठवड्याचे सातही वार सारख्याच लांबीचे असतात. प्रसारणाच्या वेळापत्रकात मात्र रविवारास आरंभापासून निराळे स्थान मिळालेले दिसते. दूरचित्रवाणीच्या इतिहासकारांनी या वाराचे जे वर्णन केले आहे, ते बहुधा ब्रिटनमधील १९६० ते १९७० या दशकाच्या आधारे केलेले आहे. त्या दशकातील एखाद्या नमुनेदार रविवारी सकाळपासून रात्रीपर्यंत कोणते कार्यक्रम दाखविले जात, हे तेथील छापील वेळापत्रकांवरून बऱ्याच निश्चितपणे सांगता येते. महाराष्ट्रातील दूरचित्रवाणीच्या रविवाराचा विचारही याच पद्धतीने, म्हणजे मुंबई केंद्राच्या वेळापत्रकावरून, करण्याचा प्रघात पडला आहे.

या पद्धतीस एक मर्यादा आहे. वेळापत्रक हे प्रक्षेपकाच्या बाजूने लिहिलेले असते. घरातील रविवार मात्र तीन गोष्टींनी घडतो: प्रसारणास लागू असलेले नियम, त्या नियमांच्या चौकटीत रचलेले वेळापत्रक आणि ते वेळापत्रक ज्या घरी पोहोचते त्या घराची भौगोलिक व सामाजिक परिस्थिती. पहिल्या दोन गोष्टींची लेखी साधने उपलब्ध आहेत. तिसरीची साधने बहुतांशी माणसांच्या स्मरणात आहेत. हा भेद स्पष्ट व्हावा म्हणून प्रस्तुत लेखात प्रथम ब्रिटिश रविवाराची घडण, नंतर मुंबईचा रविवार आणि शेवटी मुंबईच्या प्रक्षेपणक्षेत्राच्या कडेवर असलेल्या रोहा व पेण या तालुक्यांच्या गावांची स्थिती विचारात घेतली आहे.

१. नियमाने घडविलेला रविवार

ब्रिटनमध्ये नियमित दूरचित्रवाणी सेवा २ नोव्हेंबर १९३६ रोजी सुरू झाली. सप्टेंबर १९५५ मध्ये बी.बी.सी.च्या जोडीस जाहिरातींवर चालणारी स्वतंत्र दूरचित्रवाणी आली आणि २० एप्रिल १९६४ रोजी बी.बी.सी.ची दुसरी वाहिनी सुरू झाली. म्हणजे ज्या काळाचा येथे विचार आहे, त्या काळात प्रेक्षकापुढे प्रथम दोन व नंतर तीन पर्याय होते. प्रक्षेपण किती तास व्हावे हे संस्थांच्या इच्छेवर सोडलेले नव्हते. त्याची कमाल मर्यादा पोस्टमास्तर जनरल ठरवीत असत. धार्मिक कार्यक्रम, प्रौढशिक्षण, शालेय पाठ आणि वेल्श भाषेतील कार्यक्रम यांना या मर्यादेतून सूट होती. ही सूट ध्यानात घेतल्यावाचून ब्रिटिश रविवाराचे स्वरूप उमगत नाही.

१९५५ च्या सुमारास लागू असलेल्या नियमांनुसार रविवारचे नेहमीचे प्रक्षेपण दुपारी दोनच्या आधी सुरू करता येत नसे आणि दोन ते चार या वेळात मुलांसाठी कार्यक्रम दाखविता येत नसत. त्या वेळी चर्चच्या रविवारच्या शाळा भरत असत. घरातील पडद्याने मुलांना तेथून ओढून घेऊ नये, हा या नियमाचा हेतू. इतर वारी सायंकाळी सहा ते सात हा तासही मोकळा ठेवला जात असे, म्हणजे लहान मुलांना निजविणे आईबापांना सोपे जावे. हा निर्बंध फेब्रुवारी १९५७ मध्ये उठला. रविवारी मात्र सुमारे सव्वासहा ते सात पंचवीस ही सायंप्रार्थनेची वेळ पुढेही राखीव राहिली. तीत प्रक्षेपण करावयाचे तर ते धार्मिकच असले पाहिजे, असा संकेत दोन्ही संस्थांनी पाळला.

अशा रीतीने चर्चच्या रक्षणासाठी मोकळी ठेवलेली जागा हळूहळू धर्मविषयक कार्यक्रमांनी भरून गेली. चर्चमधील सामुदायिक स्तोत्रगायन दाखविणारा ‘साँग्ज ऑफ प्रेज’ हा कार्यक्रम बी.बी.सी.ने १ ऑक्टोबर १९६१ रोजी सुरू केला. या कार्यक्रमाने प्रार्थनेस जाणाऱ्यांची संख्या वाढली की घरबसल्या स्तोत्रे ऐकण्याची सोय होऊन ती घटली, हा वादाचा विषय आहे. दोन्ही संस्था एकाच वेळी धार्मिक कार्यक्रम दाखवीत असल्याने त्या तासापुरती त्यांच्यातील स्पर्धा थांबत असे आणि प्रेक्षकास संच बंद करणे हाच काय तो दुसरा मार्ग राही.

दिवसाचा उरलेला भाग याच मर्यादांच्या कडेकडेने रचलेला असे. दुपारच्या जेवणाच्या सुमारास शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम, दुपारी जुना चित्रपट किंवा खेळ, चहाच्या वेळी एखाद्या अभिजात कादंबरीची मालिका, मग राखीव प्रार्थनासमय आणि त्यानंतर रात्रीची करमणूक, असा क्रम सामान्यतः आढळतो. प्रार्थनासमय संपताच मनोरंजनाचे दार उघडे. ‘संडे नाइट ॲट द लंडन पॅलेडियम’ हा १९५५ मध्ये सुरू झालेला रंगमंचीय कार्यक्रम त्या दारातून आत आलेला सर्वांत लोकप्रिय पाहुणा होय. रविवारी नाट्यगृहांतून नाटके करण्यास ब्रिटनमध्ये १९७२ च्या कायद्यापर्यंत बंदी होती. घराबाहेरची करमणूक अशी मर्यादित असल्यामुळे घरातील पडद्यास रविवारी रात्री जो प्रेक्षकवर्ग मिळे, तो अंशतः कायद्याने मिळवून दिलेला होता.

पुढे पडद्याचे वजन इतके वाढले की ज्याच्या रक्षणासाठी नियम केले होते, त्यासच माघार घ्यावी लागली. गॉल्सवर्दीच्या कादंबऱ्यांवर आधारलेली ‘द फोर्साइट सागा’ ही मालिका १९६७ मध्ये बी.बी.सी.च्या दुसऱ्या वाहिनीवर शनिवारी दाखविण्यात आली. सप्टेंबर १९६८ पासून पहिल्या वाहिनीवर तिचे पुनःप्रक्षेपण रविवारी रात्री होऊ लागले, तेव्हा काही ठिकाणी धर्मगुरूंनी सायंप्रार्थनेची वेळच अलीकडे आणली. १९७२ मध्ये प्रक्षेपणाच्या तासांवरील सरकारी मर्यादा रद्द झाली आणि राखीव तासाचा जुना आधारही त्याबरोबर गेला.

या व्यवस्थेचा एक परिणाम भारतीय वाचकास विशेष विचार करावयास लावणारा आहे. रविवारची सकाळ प्रेक्षकसंख्येच्या दृष्टीने पडीक मानली जात असे. १० ऑक्टोबर १९६५ रोजी, म्हणजे रविवारीच, बी.बी.सी.ने भारत व पाकिस्तान येथून आलेल्या स्थलांतरितांसाठी ‘अपना ही घर समझिये’ हा कार्यक्रम सुरू केला आणि त्यास रविवार सकाळची वेळ दिली. त्याची भाषा हिंदी-उर्दू अशी मिश्र हिंदुस्थानी होती. लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून काम करीत होते. तथापि तेथील मराठी कुटुंबास पडद्यावर स्वदेशाची जी चाहूल लागली, ती स्वभाषेतून नव्हती. वेल्श भाषेस तासांच्या मर्यादेतून सूट मिळत होती, कारण ती त्या देशातील एका प्रदेशाची भाषा होती. स्थलांतरितांच्या वाट्यास एक सामाईक भाषा आणि आठवड्यातील सर्वांत कमी मागणीची वेळ आली. कोणत्या भाषेस कोणता वार व कोणता प्रहर मिळतो, हे त्या भाषकांच्या स्थानाचे एक माप होय. हेच माप पुढे मुंबईसही लावता येईल.

२. रविवार सुटीचा कसा झाला

ब्रिटिश रविवार धर्माने पवित्र मानलेला वार होता. महाराष्ट्रातील रविवारची सुटी निराळ्या मार्गाने आली. सरकारी कचेऱ्या ब्रिटिश अमदानीत रविवारी बंद असत. पण मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना तशी साप्ताहिक सुटी नव्हती. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून या सुटीसाठी कामगारांना संघटित केले. रविवार हा खंडोबाचा वार असल्याने कामगारांस त्या दिवशी मोकळीक हवी, असाही युक्तिवाद त्यांनी मांडल्याचे नमूद आहे. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ही मागणी मान्य केली.

म्हणजे येथील रविवार हा श्रमिकांनी झगडून मिळविलेला विश्रांतीचा दिवस. त्यास देवाचा आधार दिला गेला तो खंडोबाचा; पण कोणताही विशिष्ट तास उपासनेसाठी राखून ठेवण्याची गरज कोणास वाटली नाही. हिंदू घरातील पूजा रोजची असते आणि व्रते तिथीवर व निरनिराळ्या वारांवर विभागलेली असतात. त्यामुळे १९७२ मध्ये मुंबईत दूरचित्रवाणी आली, तेव्हा रविवारच्या वेळापत्रकावर धर्माचे असे कोणतेही कुंपण नव्हते. येथील रविवार मोकळे रान होते.

ही सुटी सर्वांच्या वाट्यास सारखी आली नव्हती, हेही लक्षात ठेवले पाहिजे. गिरणी आणि कचेरी यांचा आठवडा सात दिवसांचा. भातशेती करणाऱ्याचे वर्ष नक्षत्रांनी मोजले जाते; लावणीच्या दिवसांत त्यास वाराचे भान नसते. खाडीत जाळी टाकणाऱ्या कोळ्याचा पंधरवडा उधाण आणि भांग यांनी बांधलेला असतो. रायगड जिल्ह्यात, ज्यास १ जानेवारी १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणत, हे तिन्ही प्रकारचे कालमापन शेजारीशेजारी नांदत आले आहे. मुंबईत नोकरीस असलेला चाकरमानी गावी येताना सात दिवसांचा आठवडा बरोबर घेऊन येई.

३. मुंबई केंद्राचा रविवार

मुंबई दूरचित्रवाणी केंद्राचे उद्घाटन २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाले. दिल्लीनंतर देशातील हे दुसरे केंद्र. त्या वेळी दूरचित्रवाणी हा आकाशवाणीचाच एक भाग होता. १ एप्रिल १९७६ रोजी ती वेगळी होऊन ‘दूरदर्शन’ हे नाव रूढ झाले. प्रक्षेपण कृष्णधवल आणि मुख्यतः सायंकाळचे असे. वाहिनी एकच होती. ब्रिटनमधील प्रेक्षकास निदान दुसरी वाहिनी लावून पाहण्याची मुभा होती. मुंबईच्या प्रेक्षकापुढे पाहणे आणि न पाहणे एवढेच दोन पर्याय होते.

आठवड्याची विभागणी प्रेक्षकांच्या चांगलीच अंगवळणी पडली होती. शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती आमची माणसं’, साहित्य व कलाविषयक ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, हलक्याफुलक्या नाट्यप्रवेशांचा ‘गजरा’, चि. वि. जोशी यांच्या लेखनावरील ‘चिमणराव’ अशा कार्यक्रमांनी मराठी प्रेक्षकाशी जिव्हाळा जोडला. गुरुवारी हिंदी चित्रपटगीतांचे ‘छायागीत’, शनिवारी सायंकाळी मराठी चित्रपट आणि रविवारी सायंकाळी हिंदी चित्रपट, हा क्रम अनेक वर्षे टिकला. रविवारचा चित्रपट हा साऱ्या आठवड्याचा कळस होता. मध्ये बातम्यांसाठी तो थांबे. बिघाड झाला की ‘व्यत्यय’ अशी पाटी पडद्यावर येई आणि प्रेक्षक ती पाटीही तितक्याच चिकाटीने पाहत बसत.

या क्रमातील भाषेची विभागणी विशेष विचार करण्याजोगी आहे. मुंबई हे मराठी राज्याच्या राजधानीतील केंद्र. तरीही पूर्ण सुटीची सायंकाळ हिंदी चित्रपटास आणि तिच्या आदली सायंकाळ मराठी चित्रपटास मिळाली. याची कारणे उघड आहेत. मुंबईची वस्ती बहुभाषिक होती आणि हिंदी चित्रपटांचा धंदा त्याच शहरात उभा होता. शनिवारची सायंकाळ हीही कमी प्रतीची वेळ नव्हती. ज्यांस शनिवारी अर्धा दिवस काम असे, त्यांस ती सोयीचीच होती. परंतु वार आणि भाषा यांचा असा संबंध एकदा जुळला की तो नैसर्गिक वाटू लागतो. मराठी चित्रपट शनिवारचा व हिंदी चित्रपट रविवारचा ही जाणीव त्या काळात वाढलेल्या पिढीत इतकी पक्की झाली की, ती कोणाच्या तरी निर्णयाने ठरली होती याचाही विसर पडला.

१५ ऑगस्ट १९८२ पासून उपग्रहाच्या साह्याने दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि रंगीत प्रक्षेपणही आले. यानंतर रात्रीच्या वेळेवरील मुंबईचा अधिकार आकसत गेला.

४. लहरी, डोंगर आणि रोहा

वेळापत्रक छापले की ते सर्वत्र सारखे दिसते. लहरींचे तसे नाही. दूरचित्रवाणीसाठी वापरलेल्या अतिउच्च वारंवारतेच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या वक्रतेमुळे व डोंगरांमुळे त्यांची पोच मर्यादित होते. वातावरणातील नेहमीचे वक्रीभवन जमेस धरून क्षितिजाचे अंतर काढावयाचे तर, मनोऱ्याच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ घेऊन त्यास ४.१२ ने गुणावे. उत्तर किलोमीटरमध्ये येते. वरळीचा मनोरा सुमारे ३०० मीटर उंच आहे. त्याचे क्षितिज या हिशेबाने सुमारे ७१ किलोमीटर येते. घरावरील अँटेना जमिनीपासून १० मीटर उंच असेल तर तिचे स्वतःचे क्षितिज १३ किलोमीटर धरून एकूण पोच ८४ किलोमीटरपर्यंत जाते.

वरळीपासून सरळ रेषेत पेण सुमारे ४० किलोमीटर आणि रोहा सुमारे ७० किलोमीटर आहे. म्हणजे सपाट भूमीच्या हिशेबाने दोन्ही गावे मुंबई केंद्राच्या टप्प्यात येतात. पेणच्या पश्चिमेस धरमतरच्या खाडीकडे सखल खारपाट पसरलेला असल्याने त्या दिशेने मोठा अडथळा कमी. रोह्याची गोष्ट निराळी. हे गाव कुंडलिका नदीच्या खोऱ्यात वसलेले असून उत्तरेच्या अंगास अवचितगडाची डोंगररांग आहे. मुंबईकडून येणाऱ्या लहरीस ही रांग ओलांडावी लागते. डोंगराच्या माथ्यावरून लहरी काहीशा वाकून खाली उतरतात. परंतु पायथ्यास अगदी लागून असलेल्या घरावर छाया दाट पडते आणि रांगेपासून दूर, मोकळ्या जागी असलेल्या घरास तुलनेने अधिक लाभ होतो. एकाच गावात दोन आळ्यांतील चित्रात फरक पडण्याचे कारण यात आहे.

दुसरी शक्यता पूर्वेकडची. २ ऑक्टोबर १९७३ रोजी पुणे येथील सहक्षेपण सुरू झाले. त्याचा प्रक्षेपक सिंहगडावर असून त्यावरून मुंबईचेच कार्यक्रम दाखविले जात. सिंहगडाची समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १३०० मीटर आणि रोह्यापासूनचे सरळ अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आत. केवळ अंतराने पाहिले तर रोहा वरळी व सिंहगड यांच्यापासून जवळजवळ सारखेच दूर आहे. परंतु सिंहगड आणि रोहा यांच्यामध्ये सह्याद्रीची मुख्य धार उभी आहे. अशा रीतीने एका बाजूस जवळचा लहान डोंगर व दुसऱ्या बाजूस दूरचा मोठा डोंगर यांच्यामध्ये हे खोरे सापडले.

अशा कडेच्या प्रदेशांत पाहण्याच्या क्रियेचे स्वरूपच बदलते. शहरात संच लावला की चित्र दिसते. कडेच्या गावी ते मिळवावे लागते. उंच खांबावर अनेक दांड्यांची ॲल्युमिनियमची अँटेना, तिच्या जोडीस बूस्टर, एकाने कौलांवर चढून ती फिरवावी, दुसऱ्याने दारातून ‘आले, गेले’ असे ओरडून सांगावे, आणि तरी पडद्यावर मुंग्याच दिसाव्यात, हा अनुभव कोकणातील अनेक गावांच्या ओळखीचा आहे. पावसाळ्यातील वाऱ्याने अँटेनेची दिशा बदले. उन्हाळ्यात समुद्रावरील हवेच्या थरांत फरक पडला की एरवी न दिसणारे चित्र एखाद्या रात्री अचानक स्वच्छ होई. ज्या घरी संच असे व चित्र लागे, तेथे रविवारी सायंकाळी आळीतील मंडळी जमत. कोणास आत बसावयास मिळे, कोण ओटीवर राही व कोण खिडकीतून पाही, यावरून त्या गावातील सामाजिक अंतरांचा अंदाज करता येतो. समाजशास्त्राच्या अभ्यासकास वेळापत्रकापेक्षा या बैठकव्यवस्थेतून अधिक शिकता येण्यासारखे आहे.

रविवार कोणाचा, हा प्रश्नही येथे पुन्हा उपस्थित होतो. रोह्यालगत धाटाव येथे औद्योगिक वसाहत झाली आणि तीत रासायनिक कारखाने आले. अशा कारखान्यांतील पुष्कळ प्रक्रिया अखंड चालतात. पाळ्यांनी काम करणाऱ्या कामगाराची साप्ताहिक सुटी नेहमी रविवारीच येईल असे नसते. पेण येथे गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत. चतुर्थी जवळ आली की तेथील रंगकाम व आखणी रविवारी थांबत नाही. शेत, खाडी, पाळी आणि हंगाम यांच्या हिशेबाने चालणाऱ्या घरांत रविवार सायंकाळच्या चित्रपटाने एक नवी वेळ आणली. लोखंडे यांनी गिरणी कामगारांस मिळवून दिलेला वार ज्यांच्यापर्यंत कामाच्या व्यवस्थेतून कधी पोहोचला नव्हता, त्यांच्यापर्यंत तो पडद्याच्या द्वारा पोहोचला. सुटी नसली तरी रविवार मात्र आला.

५. रविवारची सकाळ

येथवरचा रविवार सायंकाळचा होता. २५ जानेवारी १९८७ रोजी रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका सुरू झाली आणि रविवारचे केंद्र सकाळी साडेनऊकडे सरकले. ३१ जुलै १९८८ पर्यंत तिचे ७८ भाग झाले. २ ऑक्टोबर १९८८ पासून बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ सुरू होऊन ते २४ जून १९९० पर्यंत ९४ भागांत चालले. त्याच सुमारास श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही मालिकाही रविवारीच दाखविली गेली. ब्रिटनमध्ये पडीक मानलेला प्रहर भारतात सर्वांत मोलाचा ठरला.

‘रामायणा’च्या वेळी रस्ते ओस पडत, संचास हार घालून उदबत्ती लावली जाई, स्नान करून मंडळी पुढे बसत, अशी वर्णने देशाच्या अनेक भागांतून नोंदली गेली आहेत. मालिका संपविण्याचे ठरले तेव्हा जालंधरसारख्या शहरात सफाई कामगारांनी ती पुढे चालावी म्हणून काम बंद केले. फिलिप लुटगेनडॉर्फ, पूर्णिमा मंकेकर व अरविंद राजगोपाल यांच्या अभ्यासांनी या घटनेचे धार्मिक, कौटुंबिक व राजकीय पैलू उलगडले आहेत. मेरी गिलेस्पी यांनी लंडनजवळील साउथॉल येथील पंजाबी कुटुंबांत अशा पौराणिक मालिका कशा पाहिल्या गेल्या, याचे निरीक्षण केले आहे.

ब्रिटिश उदाहरणाशी तुलना करता येथे क्रम नेमका उलटा दिसतो. ब्रिटनमध्ये उपासनेची वेळ आधीपासून ठरलेली होती. पडद्यास त्या वेळी आवरून धरण्यात आले, मग पडद्याने स्तोत्रगायन स्वीकारले आणि अखेर प्रार्थनेनेच पडद्यास वाट करून दिली. भारतात रविवारी उपासनेची कोणतीही सामाईक वेळ नव्हती. ती पडद्याने निर्माण केली. एकाच मुहूर्तावर, एकाच भाषेतून, एकाच पाठाचे सामूहिक दर्शन हा प्रकार येथील परंपरेस नवा होता. कोकणातील गावी रामकथा कीर्तनातून, हरिदासाच्या तोंडून, रामनवमीच्या उत्सवातून आणि नमन किंवा दशावतारासारख्या खेळांतून, प्रत्येक गावाच्या लयीने येत असे. आता ती रविवारी साडेनऊस हिंदीतून येऊ लागली. यातून पूर्वीच्या परंपरा लोपल्या, असे सरसकट म्हणता येणार नाही. त्या आपापल्या तिथीस टिकून राहिल्या. रोह्यात धावीरमहाराजांची पालखी दसऱ्यानंतर निघते आणि पोलीस तिला मानवंदना देतात. या उत्सवाची वेळ कोणत्याही वेळापत्रकाने बदलली नाही. तिथी ही गावाची आणि वार पडद्याचा, अशी वाटणी झाली एवढेच.

मराठीच्या दृष्टीने पाहिले तर सायंकाळच्या रविवारी हिंदीस मिळालेले स्थान सकाळीही कायम राहिले. फरक इतकाच की सायंकाळची निवड आरंभी मुंबई केंद्राच्या वेळापत्रकाचा भाग होती, सकाळची दिल्लीची होती. १९९४ मध्ये मराठीसाठी स्वतंत्र उपग्रह वाहिनी आली, जी पुढे ‘सह्याद्री’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तोवर केबलचा प्रसार होऊन एका वाहिनीचा, म्हणून एका सामाईक रविवाराचा, काळ सरत आला होता.

६. उपसंहार

या विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, दूरचित्रवाणीचा रविवार हा सुटीचा आपोआप झालेला परिणाम नसून तो नियम, निवड व वगळणूक यांनी घडविलेला असतो. दुसरी, वार आणि प्रहर यांचे वाटप हे भाषांच्या व समाजगटांच्या स्थानाचे निदर्शक असते. लंडनमधील स्थलांतरितांची रविवार सकाळ आणि मुंबईतील मराठी चित्रपटाचा शनिवार ही त्याचीच उदाहरणे होत. तिसरी, वेळापत्रकावरून काढलेला नमुनेदार रविवार हा मुख्यतः प्रक्षेपकाजवळच्या शहराचा रविवार असतो.

तिसऱ्या गोष्टीचा संबंध संशोधनाच्या पुढील दिशेशी आहे. ब्रिटनमध्ये १९६० नंतरच्या दशकातील कार्यक्रमांच्या असंख्य ध्वनिचित्रफिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. तरी छापील वेळापत्रके व प्रेक्षकांच्या मोजण्या राहिल्याने तेथील इतिहास लिहिता आला. रोहा, पेण, माणगाव, सुधागड यांसारख्या तालुक्यांतील प्रेक्षकांची मोजणी त्या काळी शहराप्रमाणे होत नव्हती. तेथील रविवार ज्यांनी पाहिला, त्यांतील १९७२ मध्ये वीस वर्षांचे असलेले लोक आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. कोणत्या आळीत पहिला संच आला, अँटेना वरळीकडे वळविली होती की सिंहगडाकडे, दारात कोण उभे राहत असे, पाळीवरचा कामगार कोणता भाग चुकला म्हणून हळहळत असे, या प्रश्नांची उत्तरे त्यांच्याशिवाय कोणाजवळ नाहीत. गावाचा नकाशा, घरांच्या जागा आणि या आठवणी एकत्र मांडल्या, तर लहरींच्या छायेचा व सामाजिक छायेचा आलेख एकाच कागदावर काढता येईल. पदव्युत्तर अभ्यासकास एका तालुक्याच्या मर्यादेत हे काम करता येण्यासारखे आहे.

२८ मार्च २०२० पासून, साथीच्या टाळेबंदीत, ‘रामायण’ पुन्हा दाखविण्यात आले. या वेळी ते रोज सकाळी व रात्री होते. प्रेक्षक पुष्कळ लाभले. रविवार मात्र त्यात उरला नव्हता. एका वाराभोवती सारे गाव जमण्याची ती रीत आता इतिहासजमा झाली आहे, आणि म्हणूनच तिची नोंद करण्याची वेळ हीच होय.